श्वास धरलेली गाडी

टाचणीबाईला गाडी चालवता येत होती. गाडीत बसल्यावर रस्ता तेवढा दिसत नव्हता.

उंची बेताची, अंगकाठी बारीक आणि पेशा शिवणकामाचा. लग्नाच्या पहिल्याच वर्षी नवऱ्यानं लाडानं ठेवलेलं हे नाव गल्लीनं कधी उचललं, ते कुणालाच आठवत नाही. नवरा गणिताचे मास्तर, शिडीसारखे उंच. गाडी त्यांची, चाळीस वर्षांची, गोल दिव्यांची, दुधावरच्या सायीच्या रंगाची. कधीकाळी त्यांची शाळा खड्ड्यांच्या वाटेवर होती, तेव्हा त्यांनी पुढच्या चाकांवर मालवाहू गाडीच्या जाड स्प्रिंगा बसवून घेतल्या होत्या. तेव्हापासून गाडी जी नाक वर करून उभी राहिली, ती राहिलीच. मास्तरांचं त्यात काही अडत नव्हतं. टाचणीबाईला मात्र स्टिअरिंगच्या चाकामागं बसलं की दिसायचं बॉनेट, आणि बॉनेटच्या पुढं थेट आभाळ. जाड उशी घेतली तर पाय क्लचला पुरेनात, उशी काढली तर रस्ता गडप. मशीनवर पाय चालवता चालवता ती गुणगुणायची:

नाक वर गाडीबाई, तुझा तोरा किती किती,
बसले मी चाकापाशी, ढग तेवढे दिसती.

इतकी वर्षं हे हसण्यावारी चाललं. यंदा मास्तरांचे डोळे अधू झाले. डॉक्टरांनी सांगितलं, कडेचं दिसत राहील, मधलं धूसर होत जाईल, आता गाडी चालवणं बंद. मास्तर आठ दिवस घुम्यासारखे बसले आणि नवव्या दिवशी परगावच्या एका गिऱ्हाइकाला फोनवर म्हणाले, सोमवारी येऊन गाडी घेऊन जा. दारात उभी राहून गाडी गंजताना त्यांना बघवलं नसतं.

टाचणीबाईनं हातातलं शिवण खाली ठेवलं. मुलगी दवाखान्यातून घरी आली ती याच गाडीतून, आणि पुढं सासरी गेली तीही याच गाडीतून. मागच्या सीटच्या कापडाला तिच्याच हातची शिलाई होती. ती म्हणाली, मी चालवीन. मास्तर म्हणाले, तुला दिसत नाही त्याला काय करतेस? बराच वेळ बोलाचाली झाली आणि शेवटी ठरलं ते असं: रविवारी तिनं एकटीनं, सीटवरून न उठता, गाडी फाटकातून रस्त्यावर काढायची. दोन्ही खांब शाबूत राहिले तर गाडी घरची. एकाला जरी लागली तर सोमवारी तिची पाठवणी. याआधी दोन खेपांना तिनं डाव्या खांबाचा गिलावा उतरवला होता, त्यामुळं पैज आपण जिंकणार याची मास्तरांना खात्री होती, आणि त्याचंच त्यांना वाईटही वाटत होतं.

"मी काही आता उंच व्हायची नाही," टाचणीबाई मिस्त्रीला म्हणाली. "तिलाच खाली आणा."

मिस्त्री म्हणजे कोपऱ्यावरचा स्कूटर दुरुस्त करणारा, मास्तरांचा पत्त्यांतला जोडीदार. स्कूटर तो डोळे मिटून खोलायचा, पण मोटारीच्या स्प्रिंगेला त्याचा हात जन्मात दोनदाच लागला होता. ते त्यानं लपवलं नाही. या मापाच्या नव्या स्प्रिंगा आता कुठं मिळत नाहीत, याच कापून आखूड कराव्या लागतील, असं तो म्हणाला. तिनं विचारलं, म्हणजे कापडासारखंच की?

"छे हो वहिनी. कापडाला ठिगळ तरी लागतं."

रविवारी सकाळी गाडीचं पुढचं अंग जॅकवर चढलं, खाली लोखंडी घोड्या लागल्या, चाकं निघाली. त्याआधी टाचणीबाईनं गळ्यातली टेप काढून चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं माप घेतलं होतं आणि ते खडूनं भिंतीवर लिहिलं होतं. मिस्त्रीनं उसन्या आणलेल्या शिकंज्यांनी स्प्रिंगा आवळल्या, कारण दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाला आडवं करते. मास्तरांनी भिंग लावून, एका जुन्या उत्तरपत्रिकेच्या मागं हिशेब मांडला होता: दोन इंच खाली यायचं तर सव्वा वेढा कापायला हवा. मिस्त्रीनं डोकं खाजवलं आणि म्हणाला, आधी अर्धाच कापू. टाचणीबाईनं त्याचीच बाजू घेतली. शेजाऱ्याकडून गॅस-कटर आणू का, लवकर होईल, असं मास्तरांनी सुचवलं, तर गॅसच्या आचेनं पोलादाचं पाणी उतरतं, स्प्रिंग मऊ पडते म्हणून मिस्त्रीनं तेही मोडीत काढलं. मग कटर किंचाळला, ठिणग्यांचं झाड फुललं, आणि मास्तर चहाचा कप सांभाळत दाराआड गेले.

दुपारपर्यंत स्प्रिंगा परत जागेवर बसल्या, चाकं लागली, जॅक उतरला. टाचणीबाईनं टेप लावली. भिंतीवरच्या आकड्याकडं बघितलं. पुन्हा लावली.

गाडी खाली यायच्या ऐवजी बोटभर वरच गेली होती.

मास्तर उत्तरपत्रिका उलगडून सव्वाच्या आकड्यावर बोट ठेवून उभे राहिले. मिस्त्रीचा चेहरा पडला. खरंच कमी कापलं म्हणत त्यानं जॅक परत आत सरकवला आणि कटरची वायर लावायला वळला.

टाचणीबाई मात्र चाकांकडं बघत होती. दोन्ही चाकं खालून आत ओढलेली, गुडघे जुळवून अवघडून उभं राहावं तशी. हे उभं राहणं तिच्या ओळखीचं होतं. तीस वर्षं ती ते रोज बघत आली होती. कमरेला टेप लागली की बाई हमखास पोट आत घेते, श्वास रोखते, आणि त्या मापाचा कपडा शिवला तर चार दिवसांत भांडायला येते. म्हणून टाचणीबाई माप घेताना मुद्दाम काहीतरी विचारायची, हसवायची, आणि बाई सैलावली की खरा आकडा धरायची.

"थांबा," ती म्हणाली. "तिनं श्वास धरलाय."

मास्तर हसले. मिस्त्री हसला नाही. ती त्याला हाताला धरून चाकापाशी घेऊन आली आणि दाखवलं, की हवेत लोंबत होती तेव्हा चाकं आत गेली, आता जमिनीला टेकली तरी चाकांचं रबर तिथंच अडकून बसलंय, अंग सैल सोडायला तिला जागाच मिळालेली नाही. दहा पावलं चालवून तर बघा. नाहीच बसली, तर कापा म्हणाल तेवढी.

जॅक निघाला. तिघांनी मिळून गाडी मागं ढकलली, पुढं ओढली, पुन्हा मागं नेली. टाचणीबाई पुढं येऊन बॉनेटवर चक्क बसली, दोनदा हिंदकळली आणि उतरली. आतून कुठूनतरी एक लांब, जुनाट कुरकुर निघाली, आणि गाडी हळूच खाली आली, दिवसभर उभी असलेली बाई पायरीवर टेकावी तशी. चाकं सरळ झाली. टेप म्हणाली, पावणेदोन इंच खाली.

मिस्त्रीनं कटर उचलून पार भिंतीपाशी नेऊन ठेवला, जणू तो चावेल. "मास्तर, तुमचा सव्वा वेढा कापला असता ना," तो म्हणाला, "तर ही चाकांवर नाही, नाकावर चालली असती." चाकांची दिशा आणि दिव्यांचा झोत तो उद्या नीट करून देणार होता. फाटकापुरती अडचण नव्हती.

टाचणीबाई एक पातळशी उशी घेऊन आत बसली. पाय क्लचला पोचले. तिनं मान वर केली, आणि बॉनेटची कड संपते तिथं आभाळाऐवजी फाटक होतं. डावा खांब, उजवा खांब, आणि दोघांच्या मधून, नुकत्याच इस्त्री केलेल्या पट्टीसारखा सरळ, रस्ता. इतकी वर्षं तो तिथंच होता. तिनं गियर टाकला. मास्तर डाव्या खांबाला पाठ लावून उभे होते, खांबाला लागलीच तर आधी आपल्याला लागावी असे. गाडी त्यांच्या शर्टाच्या गुंडीपासून वीतभर अंतरावरून, कुठंही न घासता, निघून गेली.

आणि थांबली नाही. मास्तरांना लांब लांब टांगा टाकत कोपऱ्यापर्यंत जावं लागलं. धापा टाकत त्यांनी सवयीनं स्टिअरिंगकडचं दार उघडलं.

"तिकडून," टाचणीबाई म्हणाली.

ते निमूटपणे वळसा घालून पलीकडं बसले. त्या सीटवर ते कधी बसलेच नव्हते. गुडघे कुठं ठेवायचे ते कळेना. मग खिडकीशी डोळा नेऊन त्यांनी घसा साफ केला. "कडेला सायकलवाला आहे बघ. कडेचं मला दिसतं अजून."

"मग कड तुम्ही सांभाळा. मधलं माझ्याकडं."

गाडी पुढं निघाली. मास्तरांचा हात दाराच्या कडीवरून हळूहळू सुटत होता.

"त्या माणसाला आज फोन करून नको म्हणून कळवतो," ते शेवटी म्हणाले.

"कशाला? येऊ दे की," टाचणीबाई गियर बदलत म्हणाली. "लांबून येतोय बिचारा. चहा देऊ, आणि परतीला स्टेशनवर मी सोडीन त्याला."