माझ्या पॉलिशमधले दोन तंतू

“अजी, दार लावून घेऊ नका. त्या स्पिरिटच्या वासानं माणूस गुंगतं,” असं अकबरीचाची नवऱ्याला, बडेसाबांना, परोपरीनं सांगत होती, तेव्हा मित्रांनो, मला तिचा रागच आला होता. दार उघडं राहिलं तर माझ्या चकाकीचं काय होणार, एवढंच मला दिसत होतं.

आज मी जुनी झाले आहे, पण तेव्हा अगदी कोरी होते. मी विजेवर वाजणारी गिटार. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका गल्लीत सतारी करणारे बडेसाब राहत. त्यांनी मला सागवानाच्या एका अखंड फळीतून घडवलं. करवून घेतलं ते तिप्पण्णाने. मूकपट चालायचे तेव्हा तो पडद्यापाशी बसून वाजवायचा. बोलपट आले आणि त्याची जागा गेली. आता लग्नाच्या गलक्यातही ऐकू जाईल असं वाद्य त्याला हवं होतं. म्हणून माझ्या अंगावर लोहचुंबक बसवला, त्याभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळली. माझा आवाज रेडिओच्या पेटीतून निघणार होता.

शेजारची केराबाई मला पाहून म्हणाली, “आगं बाई, हिला पोटच न्हाय! बिनपोटाची वाजंल कुटनं?”

“पोट नाही तेच बरं, केराबाई,” बडेसाब हसले. “खायला मागणार नाही.”

राहिलं होतं फक्त पॉलिश. बडेसाबांनी काचकागदाने घासून माझं अंग गुळगुळीत केलं. लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवले. जुन्या धोतराचा मऊ बोळा त्यात भिजवायचा, वर गोड्या तेलाचा थेंब टाकायचा आणि गोल गोल फिरवायचा. एक हात वाळला की दुसरा. दर हातागणिक लाकडाच्या रेषा उजळत होत्या. पण आमच्या गल्लीत घरोघरी माग. हवेत कापसाचे तंतू तरंगत असायचे आणि ओल्या लाखेवर एखादा बसला की तो कायमचा. म्हणून वैशाखाच्या उकाड्यातही बडेसाबांनी खिडकी लावली, दार घट्ट लोटलं, खालच्या फटीत गोणपाट कोंबलं. अकबरीचाची पुटपुटत नळावर निघून गेली.

काम करताना बडेसाब माझ्याशी बोलत. “पी गे नखरेवाली, अजून पी. नवरी हाय तू.” भिंतीपलीकडे केराबाईची सून सोजर तान्ह्या लेकीला मांडीवर घेऊन ते ऐकत असायची. सोजर भित्री म्हणून गल्लीत प्रसिद्ध. पोर झोपली तरी ती तिच्या नाकापाशी बोट धरून बघायची.

त्या दुपारी कोपराचा धक्का लागून स्पिरिटची बाटली कलंडली. चटई भिजली, खोलीभर उग्र वास कोंडला. बडेसाबांचा हात माझ्यावर मंदावला, थांबला आणि ते माझ्याशेजारीच आडवे झाले. मी ओली, चकचकीत, आणि मुकी! माझ्या तारा अजून चढवल्याच नव्हत्या.

भिंतीपलीकडून आवाज आला.

“आत्याबाई, चाचा गप झाले.”

“झोपले असतील की! तुला समद्या गल्लीचा श्वास मोजायचाय व्हय?”

“झोपले की घोरत्यात. घोरणं बी न्हाय.”

“मग जा, त्यांच्या बी नाकाला बोट लाव!”

आणि सोजर खरंच आली. तिने दार वाजवलं, हाका मारल्या, मग खांद्याने ढकललं. गोणपाट सरकलं, दार धाडकन उघडलं. “आत्याबाई, पळा!” केराबाई नातीला काखोटीला मारून धावली. पोरीला ओट्यावर ठेवून दोघींनी बडेसाबांना ओढत बाहेर आणलं, तोंडावर पाणी मारलं, पदराने वारा घातला. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले. आणि पहिलं काय विचारलं?

“दार कुणी उघडलं? तंतू बसंल की!”

“बसू द्या त्याला,” केराबाई म्हणाली. “आदी तुमी उठून बसा.” आणि ती पदराने वारा घालतच राहिली.

तंतू बसलेच होते. दोन. तिप्पण्णा म्हणाला, घासून काढा. बडेसाबांनी मान हलवली. “राहू दे. ज्या दारानं ते आले, त्याच दारानं मला हवा आली.” उरलेले हात त्यांनी ओट्यावर बसून दिले.

मग मी पुष्कळ वाजले. लग्नांत वाजले, गड्ड्याच्या यात्रेत वाजले. लोक वाहवा करत. पुढे माझी तांब्याची तार तुटली, तिप्पण्णा कुर्डुवाडीला रेल्वेत लागला आणि मी बडेसाबांच्या खुंटीवर परत आले. अंगावर धूळ बसते. तरी माझी तक्रार नाही. सागाची, लाखेची, बडेसाबांच्या हाताची मी ऋणी आहे. आणि सगळ्यांत जास्त त्या भित्र्या कानांची. मूल रडलं तर आई सावकाश उठते, पण ते गप्प झालं की धावते. हे शहाणपण मला सोजरने दिलं.

माझी खुंटी तिच्या आणि आमच्या घरामधल्या भिंतीवरच आहे. केराबाई आता नाही. सोजरचा नवरा हरिबा गिरणीत पाळीवर गेला आहे, लेक शाळेत आहे. सोजर पुन्हा पोटुशी आहे, दिवस भरत आलेत. रोज या वेळी तिची भांडी वाजतात. आज सकाळपासून भिंत गप्प आहे. अकबरीचाची बाजारात गेली आणि बडेसाबांना हल्ली नीट ऐकू येत नाही.

झोपली असेल, असं तुम्ही म्हणाल. असेलही. पण मित्रांनो, तुम्हाला हात आहेत. तेवढं तिचं दार वाजवून बघता का?