दोर कुठे बांधायचा

मास्तर शोरूमच्या चकचकीत फरशीवर पालथे झोपले, गाल जमिनीला टेकवला आणि हातातली पोलादी टेप गाडीच्या पोटाखाली सरकवली.

"दोनशे सव्वीस," खालून आवाज आला. "लिही."

डॉक्टरबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, वहीत आकडा लिहिला. शेजारी उभा असलेला विक्रेता अदबीनं म्हणाला, की जमिनीपासूनची उंची माहितीपुस्तिकेत दिलेलीच आहे. मास्तर उठले, शर्टावर नसलेली धूळ झटकली आणि म्हणाले, की पुस्तिकेत दोनशे तीस मिलिमीटर लिहिलंय. टायरमधल्या हवेनं तेवढं इकडेतिकडे होतंच, असं विक्रेत्यानं सांगितलं. मास्तरांनी वही मागून घेतली आणि 'टायरमधली हवा' असा एक नवा रकाना आखला. एकतिसावा.

मास्तर शाळेत गणित शिकवायचे. त्यांना गाडी चालवता येत नव्हती. लग्नानंतर एकदा तीन दिवस शिकले होते. चौथ्या दिवशी शाळेच्या फाटकाचा खांब आडवा केला आणि किल्ली बायकोच्या हातात दिली ती कायमची. पण गेल्या चार महिन्यांत डोंगरातल्या गाड्यांबद्दल त्यांच्याइतकं वाचलेला माणूस गावात दुसरा नसेल. शेवटी दोनच गाड्या उरल्या होत्या. कंपन्यांनी दिलेली लांबलचक नावं घरात कोणी घेत नसे. एक थोरली आणि एक धाकटी. थोरली अंगापिंडानं भरलेली, नाकीडोळी रुबाबदार, दार लावलं की बाहेरचं जग बंद. धाकटी चणीनं लहान आणि काटक, मागे बसलं की गुडघे पुढच्या सीटला टेकणारी. दोघींची चारही चाकं एकदम जोर लावायची. दोघी गुडघाभर पाण्यातून जाऊ शकायच्या. डॉक्टरबाई गमतीनं म्हणायच्या, की मास्तर जावाजावांत भांडण लावताहेत.

डॉक्टरबाई गुरांच्या डॉक्टर होत्या. डांबरी रस्ता संपे तिथून पुढे त्यांचं निम्मं काम सुरू व्हायचं. डोंगरावर पाच वस्त्या होत्या, आणि त्यातली सगळ्यात वरची वस्ती ओढा ओलांडून, चढण चढून, दीड तासावर. एकवीस वर्षं एकाच जुन्या जीपनं त्यांना तिथवर नेलं होतं. चार महिन्यांपूर्वी त्याच ओढ्यात जीप अडकली. डॉक्टरबाई सकाळी गेल्या त्या दुसऱ्या दिवशी दुपारी परतल्या. तिथे फोन लागत नाही. त्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा मास्तरांनी दोन दिवसांची दाढी वाढलेल्या चेहऱ्यानं त्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, जेवलीस का? त्या काय झालं ते सांगायला लागल्या, तर ते ताट वाढायला आत गेले. त्यानंतर तो विषय त्यांनी कधी काढू दिला नाही. जीप भंगारात गेली आणि त्याच संध्याकाळी मास्तरांनी नवी वही काढून पहिला रकाना आखला.

तेव्हापासून डॉक्टरबाई शेजाऱ्यांच्या स्कूटरवरून रस्त्यालगतच्या गावांपुरत्या जात होत्या. वरच्या वस्त्यांवरून फोन आला की औषध फोनवर सांगायच्या आणि नंतर बराच वेळ खिडकीशी उभ्या राहायच्या. या महिन्यात गाडी घेऊन टाकू, असं त्या म्हणाल्या की वहीत एखादा रकाना वाढायचा. बाराचे वीस झाले, विसाचे एकतीस. त्यामागचं कारण डॉक्टरबाईंना कळत होतं. म्हणूनच त्या काही बोलत नव्हत्या.

शोरूमच्या मागे कंपनीनं कसोटीसाठी एक मैदान केलं होतं. मातीचा उंचवटा, सिमेंटचा खड्डा, एका बाजूला कललेला उतार. थोरलीनं ते सगळं असं पार केलं की मास्तरांच्या हातातल्या कागदी पेल्यातली कॉफीसुद्धा सांडली नाही. घरी येऊन त्यांनी गुणांची बेरीज केली. थोरली चार गुणांनी पुढे होती. वजनाचा एक गुणही तिलाच मिळाला होता, कारण जड गाडी जमिनीला धरून राहते.

पुढच्या रविवारी धाकटीची पाळी होती. ती दाखवायला आलेले गृहस्थ चांगले पन्नाशीचे, पोट सुटलेले, गळ्यात टाय. मास्तरांनी मनातल्या मनात त्यांचं नाव टायवाले ठेवलं. चक्कर बारा किलोमीटरची आणि डांबरी रस्त्यावरच, हा कंपनीचा नियम त्यांनी आधीच सांगून टाकला. डॉक्टरबाई चालवायला बसल्या, मास्तर शेजारी, टायवाले मागे. पाच-सहा किलोमीटर झाले असतील, तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टरबाईंनी गाडी कडेला घेतली.

वरच्या वस्तीवरची गाईवाली बोलत होती. फोन लागावा म्हणून ती कड्यावरच्या खडकावर चढली होती. वाऱ्यानं तिचं बोलणं तुटत होतं. गाय पहाटेपासून कळा देत होती आणि वासराचं फक्त शेपूट हाताला लागत होतं. डॉक्टरबाईंनी दोनच प्रश्न विचारले आणि फोन ठेवला. पिशवी त्यांच्याबरोबर कायम असायचीच.

"मला वर जावं लागेल," त्या म्हणाल्या.

टायवाल्यांनी आपल्या साहेबांना फोन लावला. साहेबांनी उचलला नाही. त्यांनी पुन्हा लावला. मग त्यांनी विचारलं, की नाही गेलं तर काय होईल.

"दोघं मरतील. गाय आणि वासरू."

टायवाल्यांनी फोन खिशात ठेवला आणि सीटचा पट्टा लावला. मास्तरांचा हात दारावरच्या कडीशी गेला आणि तिथेच राहिला.

ओढा धाकटीनं सहज ओलांडला. मास्तरांचे डोळे पाण्यावर खिळलेले होते. चार महिने ज्या जागेचा त्यांनी विचार केला होता ती जागा त्यांनी आज पहिल्यांदाच बघितली, आणि ती त्यांच्या कल्पनेपेक्षा बरीच लहान होती. पुढे चढण सुरू झाली. वस्तीची छपरं दिसायला लागली, आणि शेवटच्या वळणावर, जिथे झऱ्याचं पाणी वाटेवर उतरून चिखल झाला होता, तिथे धाकटीची मागची चाकं रुतली. डॉक्टरबाईंनी गिअर बदलून बघितला, मागे घेऊन बघितलं. चाकं जागच्या जागी फिरत राहिली आणि गाडी एका अंगाला आणखी खाली बसली.

मास्तर खाली उतरले. "थोरली निघाली असती," ते म्हणाले.

डॉक्टरबाईंनी पिशवी खांद्याला लावली होती. "असेल," त्या म्हणाल्या, आणि गाडी तशीच सोडून चढायला लागल्या.

पण वरून माणसं आधीच खाली येत होती. पुढे गाईवालीचा दीर होता, खांद्यावर दोराचं वेटोळं. मागून चार-पाच बायका-पुरुष, हातात फावडं, फळ्या. कोणी घाई केली नाही, कोणी हळहळलं नाही. डॉक्टरबाई त्यांना ओलांडून वर गेल्या. दीर गाडीभोवती एकदा फिरला, वाकला, आणि मास्तरांना त्यानं एकच गोष्ट विचारली.

"दोर कुठे बांधायचा?"

मास्तरांनी वही उघडली. एकतीस रकान्यांत त्याचं उत्तर नव्हतं. टायवाले पुढे झाले आणि बंपरखालचा जाड लोखंडी हूक त्यांनी दाखवला. दिरानं तो हातानं हलवून पाहिला आणि मान डोलावली. चाकांखाली फळ्या गेल्या. टायवाले चालवायला बसले. मास्तर दोराकडे निघाले, तर एका बाईनं त्यांना हलकेच बाजूला केलं, तुम्ही जरा तिकडे उभे राहा, पाय घसरेल. सहा माणसांनी दोर धरला, कोणीतरी आकडे मोजले, आणि तिसऱ्या हिसक्याला धाकटी चिखलातून वर आली. मास्तरांनी घड्याळात पाहिलं. अकरा मिनिटं लागली होती.

गोठ्यात डॉक्टरबाई खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवून गाईच्या मागे बसल्या होत्या. मास्तर दारातच थांबले. सत्तावीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला काम करताना कधी बघितलं नव्हतं. ती घरी यायची तेव्हा हात धुतलेले असायचे. आता ती डोळे मिटून, गाल गाईच्या पाठीला टेकवून, आत हातानं काहीतरी शोधत होती. वासरू उलटं होतं आणि मागचे पाय पोटाखाली दुमडले होते. तिनं ते आत ढकललं, खूर मुठीत झाकून, गर्भाशयाला लागू न देता, एकेक पाय सरळ केला. मध्येच ती गाईशी बोलत होती, मध्येच गाईवालीशी, दोघींशी एकाच सुरात. शेवटी ओढा म्हणाली तेव्हा गाईवाली आणि दीर दोघांनी मिळून ओढलं, आणि वासरू एकदम गवतावर आलं. ते हललं नाही. डॉक्टरबाईंनी त्याचं नाक पुसलं, बरगड्या चोळल्या, एक गवताची काडी नाकपुडीत घातली. वासरू शिंकलं.

टायवाले मास्तरांच्या मागून टाचा उंचावून बघत होते. त्यांनी रुमाल काढून कपाळ पुसलं.

नंतर हात धुऊन सगळे अंगणात बसले. गाईवालीनं गरम दूध दिलं. तिनं मास्तरांना नीट न्याहाळलं आणि म्हणाली, की डॉक्टरबाई त्या दिवशी तुमच्याबद्दलच बोलत होत्या.

"कुठल्या दिवशी?"

"जीप ओढ्यात बसली त्या दिवशी. इथेच होत्या की. जेवल्या, झोपल्या. सकाळी आमच्या शेळ्यांना टोचून पण दिलं."

मास्तरांनी पेला खाली ठेवला. गाईवाली सांगत राहिली. जीप फार जड होती. वस्तीवरची माणसं पुरेनात, म्हणून खालच्या वस्तीवरून आणखी बोलावली. अठरा माणसं लागली आणि अंधार पडला, मग आम्हीच त्यांना खाली जाऊ दिलं नाही. तुम्हाला कळवावं म्हणून दीर खडकावर चढला होता, पण तुमचा नंबर कोणाकडेच नव्हता, बाईंनाही पाठ नव्हता, आणि त्यांचा फोन पाण्यात गेला होता.

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. त्या दुधाच्या पेल्यात बघत होत्या. चार महिने मास्तरांना एकच चित्र दिसत आलं होतं. पाणी, काळोख, आणि जीपच्या टपावर एकटी बसलेली ती. त्या चित्रात दुसरं माणूस कधी नव्हतंच.

बऱ्याच वेळानं त्यांनी फोन काढला आणि दिराला थोरलीचा फोटो दाखवला. ही घ्यायची म्हणतोय, असं सांगितलं. दिरानं फोटो मोठा करून बघितला. देखणी आहे, म्हणाला. वजन विचारलं. मास्तरांनी ते तोंडपाठ सांगितलं. दिरानं फोन परत दिला.

"हिला आम्ही पुरे पडणार नाही."

मास्तर उठले. शाळेच्या सवयीनं त्यांच्या खिशात खडूचा तुकडा असायचा. गोठ्याच्या दारावर त्यांनी आपला नंबर लिहिला, मोठ्या, सरळ, फळ्यावर लिहितात तशा आकड्यांत. गाईवालीनं तो एकदा मोठ्यानं वाचला. पाऊस लागला तर पुसेल, म्हणून दिरानं तो खिळ्यानं लाकडात कोरून घेतला.

परतताना डॉक्टरबाईच चालवत होत्या. टायवाल्यांच्या बुटांचा आकार चिखलानं ओळखू येत नव्हता. त्यांनी ते वर्तमानपत्रावर ठेवले होते. काही वेळानं त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, की आज गाडी अडकली हे खरं आहे, तुमचा निर्णय काय होईल ते आपण समजू शकतो, आपल्याला वाईट वाटणार नाही.

मास्तर पुढेच बघत होते. "कधी मिळेल ही?" त्यांनी विचारलं.

टायवाले म्हणाले, तीन आठवडे, पांढरी हवी असेल तर दोन. पांढरी चालेल, असं मास्तर म्हणाले.

डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे एक नजर टाकली आणि पुन्हा वाटेकडे बघितलं. थोरली चार गुणांनी पुढे आहे ना, असं त्यांनी विचारलं नाही. वळण आलं, गेलं. खाली ओढ्याचा आवाज यायला लागला.

"पुढच्या वेळी मीपण येतो," मास्तर म्हणाले.

"कशाला? तुझी कंबर एवढी दुखते."

"दोराला एक माणूस वाढेल."

वर डोंगरात कुठेतरी सर पडून गेली असावी; ओढा सकाळपेक्षा वीतभर चढला होता. डॉक्टरबाईंनी काठावर गाडी थांबवली आणि पाणी बघायला खाली उतरल्या. वाकून त्यांनी पॅन्टचा पाय गुडघ्यापर्यंत दुमडला. मागे दुसऱ्या बाजूचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि मग काठावरच्या दगडांवरून जपून, चाचपत येणारी पावलं. ती पावलं जवळ येईपर्यंत त्या पाण्याच्या कडेला थांबल्या.