खालच्या कप्प्यातला डावा बूट

मी बोलतोय तो डोंगर चढायचा बूट, आणि तोही डावा. उजवा माझ्या शेजारीच असतो, पण तो पहिल्यापासून अबोल, म्हणून दोघांचं मीच सांगतो. गेली तीन वर्षं आमचा मुक्काम इंग्लंडमधल्या रीडिंग गावात, एका अरुंद घरात, दाराजवळच्या चपलांच्या कपाटात, अगदी खालच्या कप्प्यात होता.

जन्माचं फारसं आठवत नाही. चामड्याचा वास, शिलाईच्या यंत्राची खडखड, आणि मग खोक्यातला लांबलचक अंधार. नीट जाग आली ती दुकानात. लोक यायचे, पाय घालून बघायचे आणि "जड आहेत" म्हणून परत ठेवायचे. आम्ही जडच आहोत. चिखलदगडांसाठी केलेल्या बुटानं आणखी काय असावं?

एका शनिवारी रचना आली, आणि बरोबर तिच्या सासूबाई, कांताबाई. कांताबाई पिंपरीला राहतात. दर उन्हाळ्यात लेकाकडे येतात आणि थंडी पडायच्या आत परत जातात. रचना सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर. तिनं आम्हाला पायात घातलं, टाचा आपटल्या, दुकानात फेऱ्या मारल्या आणि मग किंमत बघून लेस सोडायला लागली.

"काढू नकोस," कांताबाई म्हणाल्या.

"आई, एवढे महाग?"

"माझ्या आजोबांना गावातून जाताना वहाणा हातात धराव्या लागायच्या. आपल्या माणसांना तसाच नियम होता. वेस ओलांडली की मग पायात. तुला इथं कोणी अडवतंय का? नाही ना? मग घाल आणि ऐटीत चाल."

अशी आमची नेमणूक झाली. घरी आल्यावर मात्र त्याच कांताबाईंनी दारातल्या पायपुसण्याकडे बोट दाखवलं. "इथपर्यंत. याच्या पुढं पादत्राण नाही." कुरिअरवाला असो की कौन्सिलचा माणूस, या बाबतीत त्या कोणाचं ऐकत नाहीत. त्यामुळे घर मी कानांनीच ओळखायला शिकलो. कुकरची शिट्टी, जिन्याची करकर, आणि प्रणय, म्हणजे रचनाचा नवरा, फोनवर बोलताना घालतो त्या येरझाऱ्या.

पण रविवार आमचा. महिन्यातून एकदा जवळच्या स्लाऊ गावातल्या एका हॉलमध्ये बुद्धवंदना असायची. खीर खाऊन झाली की रचना तरुण मंडळींना उठवायची. "झोपायचं नाही. चालायचं." मग ट्रेननं गॉरिंगला, आणि तिथून टेकड्या. शेतांच्या कडेला लाकडी खांब असतात, पायवाटेचा बाण दाखवणारे. असा खांब दिसला की ती त्यावर हात ठेवून उभी राहायची.

"ही वाट या माणसाच्या शेतातून जाते. तरी तो आपल्याला अडवू शकत नाही. कायदा आहे."

"दर वेळी हेच भाषण," प्रणय म्हणायचा.

"दर वेळी खरं असतं म्हणून."

तिची चाल मला पाठ होती. टाच आधी, मग थोडी बाहेरची कड, मग अंगठा. चढावर ती वेग वाढवायची, उतारावर गाणी म्हणायची, तीही बेसूर. मी चिखलानं माखून जायचो आणि मला त्यात काही कमीपणा वाटायचा नाही. माणसं पायांचे आभार मानत नाहीत, बुटांचे तर नाहीतच. पण रचना घरी आली की तळव्यातली माती काडीनं काढायची आणि "शाब्बास" म्हणायची. हे कोणाला सांगू नका, तिला वेडी म्हणतील.

मग तो जूनमधला रविवार. ऊन होतं. रचनानं गुडघ्यापर्यंतची पँट घातली होती. उतारावर कमरेएवढा नेचा वाढला होता, आणि त्यात बसून सगळ्यांनी कांताबाईंचे धपाटे खाल्ले. त्या रानात हरणं फिरतात. त्यांच्या अंगावरून उतरलेला, खसखशीच्या दाण्याएवढा एक जीव तिच्या गुडघ्यामागे कधी चिकटला, पोट भरून कधी गळून पडला, ते कोणालाच कळलं नाही. माझी हद्द घोट्यापर्यंत.

दीड-दोन आठवड्यांनी ती दारात वाकून माझी लेस बांधत होती, तेव्हा मागे उभ्या असलेल्या कांताबाई म्हणाल्या, "थांब गं. हे काय पायाला?"

गुडघ्यामागे एक कडं उठलं होतं. रचना सावळी. तिच्या कातडीवर ते कडं लाल दिसत नव्हतं. जांभळट तपकिरी, मध्ये जरा फिकं.

"गजकर्ण आहे," कांताबाई म्हणाल्या. "खाजतंय?"

"नाही. दुखतही नाही."

"मग सुरुवात असेल. प्रणय, फोटो काढ रे आणि घरच्या ग्रुपवर टाक. मीनाक्षीमावशीला विचार, कुठलं मलम लावायचं."

लगेच उत्तरं आली आणि प्रणयनं ती मोठ्यानं वाचून दाखवली. सगळ्यांचं एकमत, गजकर्णच. एका काकूंनी विचारलं होतं, ही ओले कपडे घालते का? रचना हसत सुटली. कांताबाईंच्या बॅगेत पिंपरीहून आणलेलं मलम होतंच. त्यांनी ते रोज प्रेमानं लावलं, आणि कडं खरंच विरत गेलं. तो आजार जरा पुढे सरकला की ते कडं आपोआपच विरतं, हे मला पुष्कळ नंतर ऐकायला मिळालं.

ऑगस्टमध्ये ताप आला. मग गुडघे सुजले. डॉक्टरांनी विचारलं, अंगावर काही पुरळ? तिनं सांगितलं, "गजकर्ण झालं होतं, बरं झालं." तिनंच सांगितल्यावर त्यांनी तरी ते का शोधावं? तपासण्या झाल्या, पण त्या दुसऱ्याच कशाकशाच्या. सगळं नॉर्मल. आराम करा, ताण कमी करा. कोणता ताण? ती तर आरामच करत होती. जिना चढून गेली की उतरायला तिला दुसरा दिवस लागायचा.

पुढच्या वर्षी एका नव्या डॉक्टरनं विचारलं, तुम्ही रानात फिरता का? त्या एका प्रश्नानं सगळं फिरलं. रक्त तपासलं. लाइम नावाचा आजार निघाला, रानातल्या किड्याच्या चाव्यातून ज्याचे जंतू अंगात शिरतात तो. तीन आठवड्यांच्या गोळ्यांनी ताप गेला, सूज उतरली, आणि घरात पेढे वाटावेत असा आनंद झाला. पण थकवा गेला नाही. सांधे ठणकायचे. बोलता बोलता शब्द हरवायचे. नोकरी अर्धवेळ झाली, मग बिनपगारी रजा झाली.

आता भांडण नावावर सुरू झालं. कोणी त्याला क्रॉनिक लाइम म्हणायचं. कोणी म्हणायचं, असा आजारच नाही, जंतू तर मेले. पुढच्या खोलीतून रचनाचा आवाज यायचा. "नावावर खुशाल भांडा. पण मी इथं पडलेय, मला आधी तपासा ना."

मी तेव्हा काय करत होतो? वाट बघत होतो. बुटाला दुसरं काही येत नाही. चामडं कडक होत गेलं, टाचेजवळ एक भेग पडली. वरच्या कप्प्यातल्या प्रणयच्या चपला रोज जायच्या, यायच्या, पावसाचा वास घेऊन यायच्या. मला त्या वासाची भूक लागायची. एकदा रचना भिंतीला धरत कपाटापर्यंत आली, खाली बसली आणि माझ्या आत हात घातला. पाय नाही, हात. तळाशी तिच्या टाचेचा खळगा आहे, तो तिनं बोटांनी चाचपून पाहिला. मग कपाट लावून घेतलं. तो दिवस मला कुठल्याही चढापेक्षा जड गेला.

या जूनमध्ये कांताबाई पुन्हा आल्या, आणि त्याच सुमारास अदीना आली. एका विद्यापीठात या आजारावर नवा अभ्यास सुरू झालाय, त्यातली नर्स. लंडनमधल्या एजवेअरची. दारात पाऊल टाकताच कोणी न सांगता तिनं शूज काढले आणि माझ्या शेजारी ठेवले.

"बघ, पोरीला वळण आहे," कांताबाई सुनेला म्हणाल्या.

"माझा आजी पण तेच सांगायची," अदीना म्हणाली. "घरात शूज नाही."

कांताबाई बघतच राहिल्या. "तुला मराठी येतं?"

"थोडा थोडा. आजी मुंबईची. आम्ही ज्यू आहे. आजी गेली, मग मराठी पण गेली. आता कोण बोलणार माझ्याशी?"

"मी बोलते ना. बस. चहा घेशील?"

पुढच्या खोलीचं दार उघडंच होतं. रक्ताच्या नळ्या भरता भरता अदीना समजावत होती. आजची टेस्ट एवढंच सांगते, की शरीरानं त्या जंतूला कधीतरी पाहिलंय. तो अजून आत आहे, की तो गेला आणि शरीराची लढाईच थांबत नाही, हे ती सांगत नाही. ते सांगणारी खूण रक्तात सापडते का, हे शोधायचं. ती सापडली तर कोणाला कुठलं औषध द्यायचं, ते ठरवता येईल.

"म्हणजे मी बरी होईन?" रचनानं विचारलं.

"ते मी प्रॉमिस नाही करत. ह्या स्टडीत औषध नाही. आधी टेस्ट."

"किती दिवस लागतील?"

"दिवस नाही. वर्षं."

रचना कोरडं हसली. "मी टेस्टर आहे. टेस्टमध्ये बग सापडला नाही म्हणजे बग नाहीच, असं आमच्याकडे कोणी म्हणालं तर लोक त्याला हसतात. आणि माझ्या बाबतीत सगळे तेच म्हणत होते. घे, अजून दोन नळ्या घे."

"दोन नाही चालत. पण थँक यू," अदीना म्हणाली. मग तिनं विचारलं, "सुरुवातीला रॅश होता? फोटो आहे?"

प्रणय घरच्या ग्रुपवर मागे मागे जात राहिला. सुप्रभात, वाढदिवस, कोणाचं बारसं, पुन्हा सुप्रभात. मग थांबला. अदीनानं फोन हातात घेतला आणि फोटो बोटांनी मोठा केला.

"हा फोटो मला पाहिजे. प्लीज. आमच्या ट्रेनिंगच्या फोटोत सगळे पाय गोरे आहे. असा पाय नाही."

"मग ते गजकर्ण नव्हतं," कांताबाई म्हणाल्या.

"नाही, आंटी. टिक चावला होता. ते काय म्हणतात... गोचीड."

"गोचीड तर गुरांना होते."

चहाचा कप बशीवर ठेवल्याचा आवाज झाला. मग रचना म्हणाली, "आई, डॉक्टरना गजकर्ण मीच सांगितलं. तुम्ही मलम लावलंत, मी शिक्का मारला. सोडा आता."

जाताना अदीना माझ्या शेजारी बसून शूज घालू लागली. रचनाला म्हणाली, पुढच्या आठवड्यात विद्यापीठात या, चालण्याची चाचणी आहे. सहा मिनिटांत किती चालता येतं ते बघायचं. थकलात तर बसा. शूज तुम्हाला सवयीचे असतील तेच घाला.

"मला कसलीच सवय राहिलेली नाही," रचना म्हणाली आणि वर निघून गेली. जिन्याच्या पायऱ्या एकेक करून वाजल्या. मध्ये बराच वेळ थांबल्या. पुन्हा वाजल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट उघडलं. कांताबाई होत्या. त्यांनी आम्हा दोघांना बाहेर काढलं, ब्रशनं झाडलं, फडक्यानं पुसलं, आणि खोबरेल तेल चोळलं. चामड्याला खोबरेल चालतं की नाही, मला ठाऊक नाही. मला तरी चाललं. टाचेची भेग मऊ झाली. मग त्यांनी एका हातात मला घेतलं, एका हातात उजव्याला, आणि पायपुसणं ओलांडलं.

मी श्वास रोखला, बुटाला रोखता येतो तेवढा. ही तीच बाई, जी कौन्सिलच्या माणसाला दारात थांबवते. जिच्या आजोबांना वहाणा हातात धरायची सक्ती होती, ती नात आज आम्हाला स्वतःच्या मर्जीनं हातात धरून जिना चढत होती. मी पहिल्यांदा तो जिना पाहिला. रचनाच्या हातांनी धरून धरून कठडा एका बाजूनं गुळगुळीत झाला होता.

"आई, बूट? वर?" रचना उशीवरून उठून बसली.

"पेपर अंथरते. तू पाय दे."

"तुम्ही नका वाकू. तुमचे गुडघे..."

"माझे गुडघे तुझ्यापेक्षा बरे आहेत. दे."

आणि पाय आत आला. टाच आपल्या खळग्यात बसली. पाय बारीक झाला होता, मोजा ढिला पडला होता, पण तो तिचाच पाय होता. कांताबाईंनी लेस बांधली.

"डावा जरा सैल करा, घोटा ठणकतो," रचना म्हणाली.

बराच वेळ ती तशीच बसून राहिली. मग सासूच्या खांद्यावर हात ठेवून उठली. माझ्यावर वजन आलं. दोन वर्षं मी ज्याच्यासाठी झुरत होतो ते वजन, आधीपेक्षा हलकं. खाली पेपर चुरचुरला. खिडकीतून तिला काय दिसलं, ते मला दिसलं नाही. ती खाली बसली तेव्हा धापा टाकत होती, पण बूट काढू दिले नाहीत तिनं. पांघरुणाबाहेर पाय ठेवून तशीच झोपली.

तेव्हापासून आम्ही वर आहोत, पलंगाशी, पेपरवर. कांताबाई रोज पेपर बदलतात. चाचणी परवा आहे. ती चालेल की मध्येच बसेल, मला माहीत नाही. रक्ताच्या नळ्यांतून काही सापडेल का, आणि ते रचनाच्या उपयोगी पडेल की तिच्यामागून येणाऱ्या कोणाच्या, तेही माहीत नाही. शोधणाऱ्यांना एवढंच म्हणेन, सावकाश नका शोधू. आणि तुम्हाला, हे ऐकणाऱ्यांना: रानातून आलेल्या सावळ्या पायावर कडं दिसलं तर घाईनं नाव ठेवू नका. फोटो काढा, आणि डॉक्टरांना दाखवताना आधी रान सांगा, नाव त्यांना ठेवू द्या.

माझ्या तळव्याच्या खाचेत गॉरिंगच्या मातीचा एक खडा अजून अडकलेला आहे. कांताबाईंच्या ब्रशला तो सापडला नाही. मीही तो सोडत नाही. तिकडे तो खांब उभाच असेल, बाण दाखवत. ती वाट कोणाच्या परवानगीची नाही, रचनाच म्हणते तसं. डावी लेस जरा सैल ठेवून मी बसलोय.