नळीतली वानगी

मी कोरफडीचा चिकटा बोलतोय. नाक मुरडू नका. कोरफडीचं पान चिरलं की हाताला बुळबुळीत लागतो, तोच मी.

माझा मालक वनौषधींचा व्यापारी. शाळा बेताची, पण माल पारखण्यात भल्याभल्यांना पाणी पाजणारा. मूठभर वानगी बघायचा, मग कोपरापर्यंत हात खुपसून पोत्याचा तळ चाचपायचा. एकदा वर टपोऱ्या मुळ्या आणि खाली मातीची ढेकळं निघाली, तेव्हा म्हणाला, "शेठ, वरून कीर्तन, आतून तमाशा!" सगळा बाजार हसला होता.

मला मात्र तो धुऊन गटारात सोडायचा. गिऱ्हाइकाला कोरडा माल लागतो ना!

मला वर काढलं त्याच्या लेकीनं. ती प्रयोगशाळेत होती. तिनं मला पाण्यात उकळलं, गाळलं, वर स्पिरिट ओतलं. मी पांढऱ्या धाग्यांसारखा वेगळा झालो. वाळवून भुकटी केली. पॉलिसॅकराइड, म्हणजे साखरेच्या लांबच लांब साखळ्या, हे माझं शहाण्यांतलं नाव. चिमूटभर मला नळीतल्या जांभळ्या द्रावणात टाकलं आणि बघायला आलेल्या मालकासमोर रंग उडून पिवळा झाला.

"बाबा, चिरलेलं सफरचंद काळं पडतं ना, तसली झीज हा थोपवतो. अँटिऑक्सिडंट म्हणतात."

मालक नळीकडे बघतच राहिला. घरी बायकोच्या पोटात कॅन्सरची गाठ होती. हॉस्पिटलच्या सलाईनमधल्या औषधानं तिला उलट्या व्हायच्या.

"घरी देतो हिला."

"बाबा, हे नळीतलं झालं! माणसाच्या पोटात काय होतं ते अजून कुणी बघितलेलं नाही. सलाईन सोडू नका."

"वानगी बघून पोती उचलत आलोय मी. मला शिकवतेस?"

बायकोनं पेला हातात घेतला, हसली. "अहो, आयुष्यभर गटारात सोडलंत, ते आता मला पाजताय होय?" आणि प्यायली. त्याच्यावर विश्वास होता तिचा.

सलाईन बंद झालं म्हणून उलट्या थांबल्या. श्रेय मला मिळालं. ती जेवू लागली. लेक रोज भांडायची, तो रोज म्हणायचा, "बघ, तोंडावर तेज आलंय."

मी तिच्या पोटात उतरलो, तर तिथे जांभळं काही नव्हतंच. गाठ होती. ती वाढत गेली. मी काय करणार होतो?

बायको गेल्यावर मालक प्रयोगशाळेत आला. "पुन्हा दाखव."

लेकीनं मला नळीत टाकलं. जांभळा रंग उडाला.

"उडतो की गं," तो म्हणाला. मग स्वतःच्या रिकाम्या हाताकडे बघत राहिला. "तळाला हात घालायचा राहिला."

आता मी बाटलीत, दुकानाच्या वरच्या फळीवर असतो. कुणी विचारलं तर तो म्हणतो, "विकायचं नाही ते."

माझ्यात गुण आहे, बाबांनो. नळीत मी खोटं बोललो नव्हतो. पण जेवढं बोललो तेवढंच ऐका. पुढचं मालकिणीला सांगायला मला तोंड नव्हतं.