पेत्काचे डोळे

ग्लोगोव्ह दोल गावच्या चर्चमधले सगळे संत आंधळे होते. निकोलाय आंधळा, जॉर्ज आंधळा, जॉर्जचा घोडासुद्धा आंधळा. सीमेलगतच्या आमच्या या डोंगरांत डोळे दुखायला लागले की लोक भिंतीवर रंगवलेल्या संताचे डोळे सुरीच्या टोकानं खरवडायचे, ती चिमूटभर भुकटी झऱ्याच्या पाण्यात कालवायचे आणि आपल्या डोळ्यांना लावायचे. बाहेरचं कुणी विचारलं की सरळ तुर्कांवर ढकलून मोकळे. इथं राज्य करताना तुर्कांनी बरंच काही केलं असेल, पण घोड्याचे डोळे खरवडायला ते एवढा डोंगर कशाला चढतील? हे आपल्याच पणज्यांचे उद्योग.

दाराच्या उजव्या हाताला असलेली संत पेत्का तेवढी डोळस राहिली होती. त्या सगळ्या मुलखात दोन्ही डोळे शाबूत असलेली पेत्का दुसरी नव्हती, आणि ही राहिली ती झाहारीमुळे. झाहारी खाणीतून निवृत्त झालेला, आडदांड, तोंडाचा फटकळ. चर्चची किल्ली कितीतरी वर्षं त्याच्याच गळ्यात असायची. शेजारच्या गावचा एकजण आजारी आईसाठी सुरी घेऊन आत शिरला, तेव्हा झाहारीनं मेणबत्तीच्या लोखंडी घोडीनं त्याचा हात मोडला होता. मग स्वतःच त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं, आणि वाटभर शिव्या दिल्या त्या वेगळ्याच.

माझं काम समन्वयाचं. देशातल्या जुन्या भिंती, पोथ्या, गाणी पडून-सडून जायच्या आत संगणकात उतरवून ठेवायची, अशी ती योजना. अकादमीला संग्रहालयाशी जे तोंडावर बोलायचं नसतं ते माझ्याकरवी बोलायचं, संग्रहालयानं त्यावर रुसायचं, बिशपांच्या कार्यालयानं परवानगीचं घोंगडं भिजत ठेवायचं, आणि सगळ्यांनी मिळून मला विचारायचं की नेव्यानाबाई, काम कुठवर आलं? ग्लोगोव्ह दोलची परवानगी यायला दोन हिवाळे गेले. त्या दोन हिवाळ्यांत छत गळून पेत्काच्या पायांपर्यंत ओल चढली होती.

मे महिन्यात मी छायाचित्रकार ल्यूबेनला घेऊन गेले. झाहारीनं आम्हाला दारातच उभं केलं आणि परवानगीचा कागद उलटासुलटा करून पाहिला.

"सोफियात बसून उंटावरून शेळ्या हाकता तुम्ही," तो म्हणाला. "शेळ्या कुणाच्या, ते तरी ठाऊक आहे का?"

"तुमच्या गावात आता एक तरी शेळी उरलीय का, झाहारीकाका?"

तो हसला आणि त्यानं गळ्यातून किल्ली काढली.

बाकीचे संत दुसऱ्या दिवसावर ठेवून ल्यूबेननं अख्खा दिवस त्या एका पेत्कावर घालवला. तिचे डोळे तपकिरी, डावा किंचित वर. समोरच्याचं सगळं ऐकून घेते पण लगेच विश्वास ठेवत नाही, अशी तिची नजर. मी या कामात भिंती पुष्कळ पाहिल्या, पण तिच्यासमोर उभं राहिल्यावर मला उगाचच आपला पदर सावरावासा वाटला, आणि आम्ही तर पदराचे कपडे घालतही नाही.

संध्याकाळी झाहारीच्या बायकोनं, स्ताम्काकाकूनं, आम्हाला जेवायला बसवलं. घेवड्याचं कालवण, लोणच्यातल्या भोपळी मिरच्या, घरी गाळलेली राकिया नावाची दारू. ग्लास ठेवताना ती आधी टेबलाची कड बोटांनी चाचपत होती. काचबिंदू. पेर्निक शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेली ती नजर परत येणार नाही आणि उरलीय तीही जाईल.

"हा म्हातारा मला हल्ली देखणा दिसायला लागलाय," ती म्हणाली. "म्हणजे बघ, डोळ्यांची काय दशा असेल."

झाहारी हसला नाही. त्यानं मला विचारलं, छत असंच राहिलं तर भिंत येत्या हिवाळ्यात नाहीतर त्याच्या पुढच्या हिवाळ्यात बसणार. मग पेत्काचं काय? छतासाठी पैसा आमच्या योजनेत नव्हता. फोटोंसाठी होता. छताचं खातं वेगळं आणि त्या खात्याचा समन्वय करणारी बाईही वेगळी. हे त्याला सांगायची मला लाज वाटली, म्हणून मी दुसरं सांगितलं.

"पडू दे भिंत. पेत्काला आता काही होत नाही, काका. ती आमच्याकडे कायमची राहिली. तिच्या पापणीचा केस न् केस मोजता येईल."

"कायमची म्हणजे?"

"आपण सगळे गेल्यावरसुद्धा."

त्यानं माझा ग्लास पुन्हा भरला. मी खोटं बोलत नव्हते, माझा त्यावर विश्वास होता.

सप्टेंबरात अकादमीनं एका प्रदर्शनासाठी पेत्काचा मोठा फोटो मागितला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. फोटो ज्या कंपनीकडे साठवले होते ती उन्हाळ्यातच बंद पडली होती आणि तिची यंत्रं कुणीतरी पुसून विकली होती. मी संग्रहालयाला दुसरी प्रत मागितली. ते म्हणाले, प्रत अकादमीकडे. अकादमी म्हणाली, प्रत संग्रहालयाकडे, तसंच तर ठरलं होतं. बैठकीत दोघांनीही कानांवर हात ठेवले. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसं झालं. ल्यूबेनकडे काही असण्याचा प्रश्नच नव्हता. छायाचित्रकारानं स्वतःजवळ एकही प्रत ठेवायची नाही, अशी आमचीच अट होती. उरली ती आमच्या संकेतस्थळावरची नखाएवढी चित्रं. त्यांत पेत्काचे डोळे म्हणजे मोहरीचे दोन दाणे.

मी ल्यूबेनला फोन केला तेव्हा मला रडू फुटलं. तो मात्र शांत होता.

"भिंत आहे ना अजून? मग पुन्हा काढू. भिंत कुठे पळून चाललीय?"

तो बिनपैशांनी यायला तयार झाला. ऑक्टोबरात पेत्काचा सण असतो, त्या दिवशी आम्ही निघालो. बाकीची चर्चं पुढे बघता आली असती. पेत्का आधी, हिवाळ्याच्या आत. गाडीत मी ल्यूबेनचं ते एकच वाक्य धरून बसले होते.

छताच्या भीतीनं नगरपालिकेनं उन्हाळ्यातच चर्चमध्ये जायला बंदी केली होती, त्यामुळे सणाची प्रार्थना अंगणातच उरकली होती. सात-आठ म्हातारी माणसं, मोठ्या पातेल्यात मेंढीचा रस्सा, तुळशीच्या काड्या. भिंत उभी होती. ती बाहेरून दिसताच मी देवाचे आभार मानले.

झाहारी माझ्या नजरेला नजर देत नव्हता. आधी जेवा म्हणाला. जेवलो. मग म्हणाला, किल्ली कुठे ठेवली आठवत नाही. किल्ली नेहमीसारखी त्याच्या गळ्यात होती. मी तिच्याकडे बोट दाखवलं, तेव्हा तो उठला आणि त्यानं दार उघडलं.

पेत्काच्या डोळ्यांच्या जागी दोन पांढरे खड्डे होते.

ल्यूबेननं हातातली पेटी खाली ठेवली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या क्षणी माझ्या हाती मेणबत्तीची घोडी असती तर मीही कुणाचा तरी हात मोडला असता.

"कुणी केलं?"

"मी," झाहारी म्हणाला.

मला वाटलं तो थट्टा करतोय. मग त्याचा चेहरा पाहिला.

"ऑगस्टात स्ताम्का विहिरीत पडता पडता वाचली," तो म्हणाला. "डॉक्टर तर काही करणार नाहीत. आणि तूच म्हणाली होतीस ना, पेत्का तुमच्याकडे कायमची राहिली. पापणीसकट. मग म्हटलं, तिची तिकडे सोय झाली. इथले डोळे पावसात वाहूनच जायचे, त्यापेक्षा हिच्या कामी येऊ देत. आधी मी कुणाला हात लावू दिला असता का, पोरी? मी स्वतः लावला असता?"

मी त्याला धीर द्यायला जे बोलले होते, त्या बोलण्यानंच जणू त्याच्या गळ्यातली किल्ली काढून घेतली होती. इतकी वर्षं सुरीला आडवा उभा राहिलेला माणूस माझ्या शब्दावर बाजूला झाला होता.

"गुडघ्यावर बसून आधी माफी मागितली तिची," तो म्हणाला. "आता दाखव ना मला. तिकडची. डोळेवाली."

मी मोबाइलवर ते नखाएवढं चित्र उघडलं.

"मोठं कर."

मी मोठं केलं. पेत्काच्या तोंडाचे चौकोन चौकोन झाले.

"डोळे कुठायत?"

"हेच," मी म्हणाले. आणि मग त्याला सगळं सांगून टाकलं, की मूळ फोटो गेले, कुठेच नाहीत, आणि ते पुन्हा काढायला म्हणून आज आम्ही आलो होतो.

"आज," झाहारी म्हणाला. एवढंच. त्यानं दाराच्या चौकटीला हात लावला आणि तो तसाच ठेवला.

तेवढ्यात भिंत चाचपत स्ताम्काकाकू आत आली. तिनं डोक्याला सणाचा रुमाल बांधला होता. तिला पेत्काचे उपकार मानायचे होते, आणि भिंतीवरच्या आंधळ्या पेत्कासमोर जायचा तिला धीर होत नव्हता; तिला आमच्याकडची, फोटोतली पेत्का हवी होती.

"काय कुजबुजताय रे? आहे ना ती तिथं, फोटोत?"

मी झाहारीकडे पाहिलं.

"आहे," तो म्हणाला. "दोन्ही डोळ्यांनी बघतेय तुझ्याकडे."

तिनं छातीवर क्रूसाची खूण केली, माझा मोबाइल दोन्ही हातांत घेतला आणि काचेवर ओठ टेकले. ओठांच्या धक्क्यानं चित्र सरकलं आणि पुढचं आलं. जॉर्जचा आंधळा घोडा. तिनं त्याचंही चुंबन घेतलं, मग आणखी एकदा, आणि पुटपुटत बराच वेळ आभार मानत राहिली. झाहारी ते बघत होता. त्यानं मोबाइल तिच्या हातातून काढला नाही, मीही काढला नाही.

बाहेर जाताना तिनं माझा दंड धरून मला जवळ ओढलं.

"काही फरक नाही गं," ती माझ्या कानात म्हणाली. "उजवा तर पुरताच गेला. पण मी त्याला सांगते, थोडं उजळलंय. बिचाऱ्यानं माझ्यासाठी काय करून ठेवलंय बघ. तू बोलू नकोस."

मी बोलले नाही.

ल्यूबेन दिवे लावून थांबला होता. काढू का, असं त्यानं विचारलं. आलोच होतो, तर काढ म्हणाले मी. उजेड असेपर्यंत तो काढत राहिला आणि झाहारी त्याच्यासाठी शिडी धरून उभा राहिला.

त्या फोटोंच्या प्रती आता अकादमीत आहेत, संग्रहालयात आहेत आणि माझ्या घरीही आहेत. अट मोडून एक ल्यूबेनकडेही ठेवली. अधूनमधून मी सगळ्या उघडून बघते. फार स्वच्छ आलेत. सुरीचं टोक कुठून कुठे गेलं, डाव्या डोळ्यापाशी झाहारीचा हात थरथरून गालावर ओरखडा कुठे उठला, सगळं मोजता येतं.

फेब्रुवारीत भिंत बसली. पेत्का आता आमच्याकडे कायमची राहिली आहे, आंधळी.