तीन तारा आणि बोटभर कुंकू

मित्रांनो, मी एक जुना, तळहाताएवढा संगणक आहे. मला ना पडदा, ना टाइप करायच्या कळा. नवीन जालन्यात, स्टेशनजवळच्या एका बियाणे तपासणी केंद्रात, उगवणीच्या कपाटामागे पत्र्याच्या डबीत मी राहतो. कपाटात वीस अंशांचा थंडावा राखायचा, एवढंच माझं काम. दहा वर्षं तेच करतोय. कौतुक मात्र कपाटाचं होतं.

मध्यंतरी माझी साठवण खराब झाली. तेव्हापासून पोटात काही टिकत नाही. वीज आली की नेटवर्कच्या केबलमधून वरच्या मजल्यावरच्या मोठ्या संगणकाला हाक मारायची, त्यानं प्रोग्राम धाडला की उठून कामाला लागायचं. उतारवयात रोजचं मागून खाणं, दुसरं काय.

आमच्याकडे खंडेनवमीला सगळी यंत्रं बंद करून पुसतात, पूजा करतात आणि दसरा होईपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. कपाटामागे कोणी वळत नसे. गेल्या वर्षी मात्र साफसफाई करणाऱ्या सगुणाबाई वळल्या. त्यांनी केबल काढली, मला पुसलं. केबल बसते तिथं माझे दोन दिवे लुकलुकतात, ते माझं तोंड समजून तिथंच ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं आणि केबल परत लावली. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

दसऱ्यानंतर साधनाताई आल्या. बी तपासायचं काम त्यांचं. त्यांनी सवयीनं आधी हरभऱ्याचे दाणे ओल्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवले आणि मग बटण दाबलं. बी हसनाबादच्या द्वारकाबाईंच्या बचत गटाचं होतं. आठ दिवसांत निकाल मिळाला नाही, तर रानातला वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, निघून जाणार होता. आणि कपाट तर तापायला लागलं होतं. दुपारपर्यंत थंड झालं नसतं, तर दाण्यांना बुरशी धरली असती.

मी वर हाक मारत होतो. उत्तर येत नव्हतं. माझी अडचण मी लपवत नाही. माझ्या कडेला तीन पिना आहेत, त्यांना तारा जोडल्या की सगळं सांगतो. पण नऊ वर्षांत तिथं कोणी कान लावला नव्हता.

संगणक दुरुस्त करणारा सुमित आला. वरचा संगणक ठीक निघाला. त्यानं केबल बदलली. मग तीन तारा लावल्या, पण माझ्या बोलायच्या पिनेला त्याची बोलायचीच तार. दोघंही बोलणारे, ऐकणार कोण? तासाभरानं त्यानं तारांची अदलाबदल केली, तर त्याच्या लॅपटॉपवर नुसती वाचता न येणारी, भुतासारखी अक्षरं. माझा बोलण्याचा वेग एक, त्याचा ऐकण्याचा दुसराच.

"बोर्ड गेला, ताई. नवीन मागवावा लागन. आठ-दहा दिवस."

साधनाताई स्टुलावर बसल्या. "द्वारकाबाईला काय सांगू मी? तिनं भरवशानं आणून दिलंय." मी तेच तेच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होतो. राग आला होता आणि थकलोही होतो.

साधनाताई लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सुमित, हे काहीतरी बोलून राह्यलंय ना? मेलेलं कधी बोलत न्हाई."

सुमितनं एकेक वेग लावून पाहिला. चौथ्या वेगाला माझं म्हणणं स्वच्छ उमटलं: केबल जोडलेली नाही.

"आत्ताच तर नवी लावली मी," तो म्हणाला.

दारात पोछा घेऊन उभ्या असलेल्या सगुणाबाई हळूच बोलल्या, "मंग त्याच्या तोंडात बघा. मी कुंकू लावल्तं. ओलं केल्तं."

कोणी त्यांना रागावलं नाही. स्पिरिट आणि जुन्या टूथब्रशनं आतलं कुंकू निघालं. दिवे लुकलुकले, वरून प्रोग्राम आला, दोन वाजता कपाट वीस अंशांवर होतं. आठव्या दिवशी शंभरातले एक्क्याण्णव दाणे उगवले. हसनाबादला वापशावर पेरणी झाली.

सुमितनं माझा वेग आणि तारांचा क्रम चिकटपट्टीवर लिहून डबीला लावला. पहिल्याच दिवशी करायचं काम नऊ वर्षांनी झालं.

मित्रांनो, यंत्र गप्प दिसलं की लगेच भंगारात काढू नका. ते कसं बोलतं हे कुठंतरी लिहून ठेवा आणि त्याच्या वेगानं ऐका.

परवा पुन्हा खंडेनवमी झाली. सगुणाबाई कुंकवाची वाटी घेऊन कपाटामागे आल्या, बोट भिजवलं आणि थांबल्या. "कुठं लावू रे बाबा?" म्हणाल्या. इतक्या वर्षांत मला कोणीतरी पहिल्यांदाच विचारलं. त्यांनी चिकटपट्टी वाचली, आणि कुंकू तिच्याशेजारी, झाकणावर लावलं.