टेबलाचा आजार

सभागृहात दीडशे माणसं होती आणि निम्म्यांचा हात आपापल्या पोटावर होता. मंचावरच्या कॅमेऱ्यातून समोरच्या पडद्यावर एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचं पोट दिसत होतं, मधोमध लालभडक. निळ्या झब्ब्यातल्या गुरुजींनी कापसाचा ओला बोळा त्यावरून फिरवला, डोळे मिटले, आणि लाल विरून पडद्यावर निळंशार पसरलं. मागे आपल्या मुलीला घेऊन बसलेले एक म्हातारे गृहस्थ चक्क रडायला लागले.

"आग विझली!" गुरुजी गरजले. "डॉक्टर काय करतात? आतड्याची भिंत मोजतात. गवंडीकाम! मी भिंतीपलीकडचं बघतो. वर्षभर दुखणं परतणार नाही, लिहून घ्या. मात्र गोळ्या बंद! गोळी म्हणजे शंका, आणि शंका हीच आतड्याची खरी सूज!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत सगळ्यांत जोरात टाळ्या पिटणारा माझा धाकटा भाऊ होता.

मी सोनोग्राफी करते. एकवीस वर्षं लोकांची पोटं बघतेय, त्यामुळे सहसा घाबरत नाही. त्या दिवशी मात्र घाबरले होते. भाऊ बस चालवतो आणि त्याच्या आतड्याला आतून सूज येते. हा आजार कायमचा जात नाही. काही महिने गप्प बसतो आणि मग उचल खातो. मागच्या खेपेला उचल खाल्ली तेव्हा भावाला मार्गावरची सगळी स्वच्छतागृहं तोंडपाठ झाली होती. चौदा किलो वजन गेलं आणि शेवटी वीतभर आतडं कापावं लागलं. तेव्हा ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसून मी देवाला काय काय कबूल केलं होतं, ते सांगायचीही लाज वाटते. भीती कुणालाही नवस बोलायला लावते, हे मला तेव्हाच कळलं होतं.

आता गुरुजींच्या सांगण्यावरून दोन महिन्यांपासून त्याने गोळ्या सोडल्या होत्या. "ताई, मी ठणठणीत आहे," एवढंच पालुपद. चार दिवसांपूर्वी कसाबसा त्याला माझ्या टेबलावर आडवा केला. पोट दुखत नव्हतं, भूक चांगली होती, आणि पडद्यावर आतड्याची भिंत सहा मिलिमीटर जाड होती. तीनपर्यंत ठीक म्हणायची. भिंतीत रक्तही जास्त धावत होतं. आमच्या पोटाच्या डॉक्टरीणबाई चित्र बघून म्हणाल्या, "बाहेर सामसूम आहे, आत नाही. असं दिसलं की दुखणं परतण्याची शक्यता बरीच वाढते. गोळ्या आजच सुरू करायला हव्यात."

भावाला सांगितलं तर म्हणाला, "तुझं सगळं काळंपांढरं. गुरुजींचं रंगीत आहे, स्वच्छ दिसतं. त्यांना खोटं पाडून दाखव, मग घेतो गोळ्या."

म्हणून मी तिथे गेले होते. खोटं कसं पाडायचं, ते मला ठाऊक नव्हतं. भावाच्या शेजारी जाऊन बसले तर त्याचा शर्ट घामाने भिजलेला.

"हे काय रे?"

"आता माझा नंबर आहे ना. आधी मागच्या खोलीत जाऊन यायचं असतं. जाड ब्लँकेट घ्यायचं आणि वीस मिनिटं पोटावर गरम पाण्याची पिशवी. आजार वर यावा म्हणून."

हे त्याने इतक्या भाबडेपणाने सांगितलं की मला गलबलून आलं. तेवढ्यात गुरुजींच्या बोळ्याचा वास आला. वरून लवंगेचा आणि खाली आमच्या दवाखान्यातला, इंजेक्शनआधी चोळतात त्या स्पिरिटचा. पोटावर लावायचं जेल मी रोज आधी तळहातावर कोमट करते, कारण गार लागलं की माणूस दचकतो. पोटावर गरम काय आणि गार काय, यात माझा जन्म गेलाय.

मी उठले आणि मंचावर चढले.

"या ताई! शंका घेऊन या, निळ्या होऊन जा!" गुरुजी म्हणाले आणि लोक हसले.

त्यांच्या चहाचा कप लाकडी टेबलावर वाफाळत होता. मी तो उचलला आणि तीन पायांच्या स्टँडवरचा तो कॅमेरा टेबलाकडे वळवला. पडद्यावर दिसायचं ते दिसलं. टेबलावर लालभडक गोल.

"गुरुजी, तुमच्या टेबलाला आतड्याचा आजार झालाय."

मग त्यांचाच बोळा घेऊन मी तो गोल पुसला. पडद्यावर निळंशार पसरलं.

"आणि बराही झाला!"

मग शिवणकामवाल्या बाई फिस्सकन हसल्या.

"हा कॅमेरा फक्त वरचं तापमान बघतो," मी म्हणाले. "आतडं त्याला दिसतच नाही. गरम पिशवीने कातडी तापते, म्हणून लाल. स्पिरिट उडून जाताना कातडी गार पडते, म्हणून निळं. एवढाच चमत्कार."

"टेबलातही चैतन्य असतं!" गुरुजी ओरडले. मग आज सभागृहातल्या लहरी बिघडल्याचं त्यांना आठवलं आणि ते मागच्या खोलीत गेले, ते गेलेच.

रडणारे म्हातारे गृहस्थ उठून उभे राहिले. "मग माझ्या मुलीच्या पोटात काय चाललंय?"

"मला माहीत नाही, काका. तपासावं लागेल."

ते उत्तर ऐकून त्यांचा चेहरा पडला. माझ्याकडे त्यांना द्यायला निळा रंग नव्हता. माझं यंत्रही भविष्य सांगत नाही. ते इशारा देतं, आणि तो कधीकधी चुकतोही. पण कुणीही रंगीत चित्र दाखवलं तर एवढं विचारा: हे कसं काढलं? निरोगी माणसाचं कसं दिसतं? आणि चूक झाली तर ती कळणार कशी? खरं सांगणारा या प्रश्नांवर चिडत नाही.

भावाने त्याच संध्याकाळी गोळ्या सुरू केल्या. तीन महिन्यांनी तो पुन्हा माझ्या टेबलावर आडवा झाला. आम्ही दोघंही घाबरलो होतो. मी जेल हातावर जरा जास्तच वेळ कोमट करत राहिले.

"ताई, खरं सांग. निळं दिसतंय का गं?"

"करडं दिसतंय. गप्प पड, मोजू दे."